हौजिंगचं तेल बदलताना

पाऊस उघडला, दसरा तोंडावर आला की आमच्या पाथरी-माजलगाव पट्ट्यात ट्रॅक्टरवाल्यांची धांदल उडते. साखर कारखान्याची चाकं फिरायच्या आत ट्रॉलीचा हूक, टायर, ब्रेक, मागचे लाल दिवे सगळं जागेवर आणायचं असतं. इंजिन ऑईल सगळेच वेळेवर बदलतात. गिअर बॉक्स आणि हौजिंगच्या (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर असतात त्या पेटीच्या) तेलाची, म्हणजे गिअर ऑईलची, आठवण मात्र आतून आवाज यायला लागला की येते. मग ते काम घाईत उरकतं: पायात स्लिपर, उघडे हात, खाली एक फुटकं घमेलं, आणि निघालेलं तेल बांधाच्या कडेला.

मीही असंच केलं. एक-दोन वर्षं नाही, गॅरेजात होतो तेवढी सगळी वर्षं. पेट्रोलला आम्ही भ्यायचो, बॅटरीच्या ॲसिडला भ्यायचो, पण गिअर ऑईलला कुणी भीत नसे. ते भडकत नाही, लगेच झोंबत नाही, काकवीसारखं संथ वाहतं. मग एका उन्हाळ्यात माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक काळे टोक असलेल्या पुळ्या उठल्या. घामोळं समजून पावडर लावत बसलो. त्वचेच्या डॉक्टरांनी हात बघून एकच विचारलं, "काम काय करता?" मी गॅरेज म्हणालो. ते म्हणाले, "मग औषधाच्या आधी हातमोजे विकत घ्या."

खाली लिहितोय ते तेव्हापासून शिकलेलं आहे. ट्रॅक्टर, पिकअप, जीप काहीही असो, घरी तेल बदलणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल.

आत असतं काय

गिअर ऑईलचा मोठा भाग साधं खनिज तेल असतो. उरलेल्या भागात जी द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे ते इंजिन ऑईलपेक्षा वेगळं ठरतं. क्राऊन आणि पिनियन या हौजिंगमधल्या दोन गिअरांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासतातही. एवढ्या दाबात तेलाचा थर फाटतो आणि लोखंडाला लोखंड चिकटायला बघतं. ते होऊ नये म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरस असलेली द्रव्यं घालतात. दात तापले की ती धातूशी संयोग पावून वर एक पातळ कवच धरतात. डब्यावर जे 'ईपी' (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे प्रचंड दाब) लिहिलेलं असतं ते हेच. नवा डबा उघडल्यावर जो उग्र, कुबट वास येतो तोही या गंधकाचाच.

हे गंधक कामाचं आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे. तेल फार तापलं, किंवा बॅरल दिवसचे दिवस उन्हात पडून राहिलं, तर वरच्या मोकळ्या जागेत सडक्या अंड्यासारखा वास देणारा वायू थोडाफार साचू शकतो. तो विषारी आहे आणि त्याची खोड अशी की जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो. म्हणून उन्हात तापलेलं बॅरल बंद शेडमध्ये उघडायचं नाही. झाकणावर तोंड नेऊन "तेल चांगलंय का" म्हणून हुंगायचंही नाही. सावलीत आणा, वाऱ्याकडे पाठ करा, बूच अर्धा फिरवून दोन मिनिटं थांबा, मग पूर्ण काढा.

योग्य तेल कोणतं, हाही सुरक्षेचाच प्रश्न

दुकानात जाऊन "90 चं द्या" किंवा "140 चं द्या" एवढंच म्हणायची आपली रीत आहे. हा आकडा फक्त जाडी सांगतो. (आणि तोही इंजिन ऑईलच्या मोजपट्टीवरचा नाही. गिअरचं 90 हे जाडीला इंजिनच्या 40-50 च्या आसपासच असतं.) जाडीइतकीच महत्त्वाची असते प्रत: जीएल-4 की जीएल-5. जीएल-5 मध्ये ईपी द्रव्यांचं प्रमाण बरंच जास्त असतं. मागच्या हौजिंगला ते लागतं. पण पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना दातांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या गिअर बॉक्सला काही जीएल-5 तेलं मानवत नाहीत, पितळ हळूहळू खाल्लं जातं. पुस्तिकेत जीएल-4 लिहिलेलं असेल तर "हे त्याच्यापेक्षा भारी आहे" या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका.

ट्रॅक्टरचा घोळ आणखी वेगळा. आजकालच्या पुष्कळ मॉडेलांत गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक या तिघांना मिळून एकच तेल असतं. त्यासाठी खास सामायिक तेल मिळतं, यूटीटीओ नावाचं. माझ्या धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरमध्ये तालुक्याच्या एका दुकानदारानं "सगळं एकच असतं भाऊ" म्हणत साधं ईपी 90 दिलं. आठवडाभरात ब्रेक कुरकुरायला लागले, मग धरायचे तर एकदम धरायचे, नाहीतर धरायचेच नाहीत. मागं उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या असताना असा ब्रेक म्हणजे काय, हे ज्यानं चालवलंय त्यालाच कळतं. सगळं तेल काढून परत भरावं लागलं. तेव्हा पुस्तिका हरवली असेल तर डीलरकडून तुमच्या मॉडेलचं तेल आणि त्याचं माप कागदावर लिहून आणा.

माप आधी कळायला आणखी एक कारण आहे. पिकअपच्या हौजिंगमधून दीड-दोन लिटर निघतं, ट्रॅक्टरच्या सामायिक टाकीतून 30-40 लिटर किंवा त्याहूनही जास्त. दहा लिटरचं घमेलं खाली ठेवून ट्रॅक्टरचा नट उघडलात तर पुढं काय होणार ते वेगळं सांगायला नको.

जागा

हा मुद्दा जरा लांबवतो, कारण आपल्याकडे तो कुणी बोलत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. हात खांद्यापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. अशा रानात सांडलेलं तेल वर पसरत नाही, सरळ भेगेत उतरतं आणि वरून डागसुद्धा दिसत नाही. खाली मुरूम, त्याखाली चिरा गेलेला काळा खडक. आपल्या विहिरीला आणि बोअरला पाणी येतं तेही याच चिरांतून. विहिरीच्या काठावर, बोअरशेजारी, ओढ्यात, कॅनॉलच्या कडेला हे काम करायचं नाही. धुवायला पाणी जवळ पडतं म्हणून सगळे नेमके तिथंच करतात.

फरशी किंवा कोबा असेल तर उत्तम. नसेल तर सपाट जागा बघून खतांची रिकामी पोती दोन पदरी अंथरा, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीच्या कडा विटांवर उचलून घ्या म्हणजे तिचाच ट्रे होतो. सॉ मिलमधून आणलेला लाकडाचा भुसा अर्धं पोतं बाजूला असू द्या. भुसा नसेल तर उसाचं वाळलं चिपाड बारीक करून किंवा चाळलेली कोरडी माती चालते. लेकरं आणि कुत्री लांब. तेलावर पाय घसरून डोकं फुटलेली माणसं मी तेलानं भाजलेल्यांपेक्षा जास्त पाहिलीत, म्हणून स्लिपर काढा आणि बूट घाला.

पिकअप किंवा जीप वर उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. स्टँड लावा, चाकांना दगड द्या, हँडब्रेक ओढा. विटांची चवड हा स्टँड नव्हे, वीट दाबाखाली सांगून फुटत नाही. ट्रॅक्टर असेल तर अवजार जमिनीवर टेकवा, लिफ्ट पूर्ण खाली घ्या, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा.

तेल काढणं

तेल कोमट असताना नीट निघतं आणि तळाचा गाळही सोबत घेऊन येतं. थंड असेल तर दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. उलट रानातून तापून आला असाल तर अर्धा-पाऊण तास थांबा. माझी कसोटी साधी आहे: हौजिंगवर तळहात ठेवा, पाच आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर अजून वेळ आहे. जाड तेल कातडीवरून पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून राहतं आणि भाजत राहतं.

आता एक नियम, जो मला माझ्या उस्तादानं शिव्या देऊन शिकवला. आधी वरचा, भरायचा नट उघडा. तो गंजून अडकला असेल, डोकं गोल झालं असेल, तर ते तेल काढल्यावर कळून उपयोग काय? खालून रिकामी आणि वरून भरता येत नाही, अशी गाडी चौकात चार दिवस उभी राहते. वरचा नट सैल झाला की मगच खालच्याला हात घाला.

खालचा ड्रेन नट पान्ह्यानं सैल करा आणि शेवटचे आटे हातानं फिरवताना तो आत दाबून धरा, मग झटक्यात बाजूला घ्या. तोंड आणि हात धारेच्या रेषेत नकोत. तेल आधी जोरात लांब उडतं, मग धार जवळ येते. त्या हिशेबानं घमेलं सरकवा. डोळ्यांना चष्मा हवाच, खाली झोपून काम करताना तर नक्की. वेल्डिंगवाल्याचा साधा पांढरा चष्मा चालतो.

निघालेलं तेल चिमटीत धरून चोळायची सगळ्या मिस्त्रींना सवय असते. सोडा ती. त्यात लोखंडाचे सुईसारखे कण असतात, ते कातडीत घुसतात. थेंब पांढऱ्या कागदावर घ्या आणि उजेडात धरा. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असणं ठीक आहे. चकत्या, कपचे, दाताचा तुकडा निघाला तर तेल बदलून भागणार नाही, हौजिंग खोलावंच लागेल. तेल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर आत पाणी गेलंय. चिखलात रोटाव्हेटर चालवल्यावर किंवा गाडी प्रेशरनं धुतल्यावर हे होतं. तेव्हा ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी आणि सील तपासा. ब्रीदर बुजला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो, आणि लोक विनाकारण सीलवर सील बदलत राहतात.

नट परत बसवताना जुना तांब्याचा वायसर टाकून नवा घाला. नट हातानं बसतो का ते आधी बघा, मग पान्हा. हौजिंग बिडाचं असेल तर फार ताकद लावू नका.

भरणं

इथं सांगण्यासारखं थोडंच आहे. नरसाळं कोरडं आणि स्वच्छ असू द्या. नळीनं तेल तोंडानं ओढून घेऊ नका, त्यासाठी हातपंप मिळतो. गाडी सपाटीवर ठेवून लेव्हलच्या भोकातून तेल ओघळायला लागेपर्यंत किंवा गजावरच्या खुणेपर्यंत भरा. जास्त भरलं तर फेस होतो, तापतं आणि सीलमधून बाहेर येऊन ब्रेकवर उतरतं.

हात

मोजे नायट्राइलचे घ्या, निळे किंवा काळे मिळतात. सुती मोजे घालण्यापेक्षा न घातलेले बरे, ते तेल पिऊन तासन् तास कातडीला लावून ठेवतात. फिरत्या भागाजवळ मात्र कुठलेच मोजे नकोत, गुंडाळून हात आत ओढला जातो. तेलकट चिंधी पँटच्या मागच्या खिशात खोचायची सवयही मोडा, मांडीवर त्याच पुळ्या उठतात.

हात डिझेलनं किंवा थिनरनं धुणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. डाग जातो, पण त्यासोबत कातडीचं स्वतःचं तेलही जातं. मग ती तडकते आणि पुढचं तेल त्या चिरांतून आत शिरतं. त्यापेक्षा काम सुरू करायच्या आधी हातांना खोबरेल चोळा. झाल्यावर पुन्हा थोडं गोडं तेल चोळून कापडानं पुसून घ्या, मग साबण आणि कोमट पाणी, शेवटी परत खोबरेल. नखांसाठी जुना टूथब्रश. तेल लागलेले कपडे वेगळे धुवा, लेकरांच्या कपड्यांत टाकू नका. आणि हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. हे वाचून हसाल, पण तेल पोटात जायचा आपल्याकडचा सरळ रस्ता तोच आहे.

काही झालंच तर

डोळ्यात उडालं तर चोळू नका. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची संथ धार 15 मिनिटं सोडा, घड्याळ लावून. त्यानंतरही लाली किंवा आग राहिली तर डॉक्टर.

लेकरानं किंवा मोठ्या माणसानं पिलं तर उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी नाही, घशात बोट नाही. पोटात गेलेल्या तेलापेक्षा उलटी होताना फुप्फुसात शिरलेलं तेल जास्त घातक ठरतं, त्यानं न्यूमोनियासारखा आजार होतो. तोंड पुसून घ्या, 108 ला फोन लावा, डबा किंवा त्यावरचं लेबल दवाखान्यात सोबत न्या. खोकला किंवा धाप लागली असेल तर एक मिनिटही घरी थांबू नका.

सगळ्यात फसवी इजा हायड्रॉलिकच्या फुटक्या पाइपमधून किंवा ग्रीस गनमधून होते. दाबानं आलेली बारीक धार कातडीतून सुईसारखी आत जाते. बाहेर टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र तेल पसरत जातं आणि बोट किंवा पंजा गमवावा लागू शकतो. ठिपका किती का लहान असेना, त्याच दिवशी, तासाभरातच, शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा आणि "दाबानं तेल आत गेलंय" हे शब्द स्पष्ट सांगा. गळती शोधताना पाइपवरून हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

आगीचं म्हणाल तर गिअर ऑईल सहज पेटत नाही, त्याला साधारण 200 अंशांच्या पुढे तापावं लागतं. पण तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकलेलं तेल, वेल्डिंगची ठिणगी पडलेला तेलकट बोळा, ही त्याची वाट असते. एकदा पेटलं की पाणी मारायचं नाही. पाणी खाली जाऊन उकळतं आणि पेटतं तेल चौफेर उडवतं. कोरडी वाळू, माती किंवा पावडरचं अग्निशामक वापरा.

साठवण आणि रिकामे डबे

बॅरल उभं ठेवलं तर वर पावसाचं पाणी साचतं. दिवसा तेल तापून फुगतं, रात्री आकसतं आणि आकसताना बुचातून ते पाणी आत ओढतं. छप्पर नसेल तर बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी येतील असं. खाली दोन लाकडं, जमिनीला टेकू देऊ नका.

सुट्टं तेल थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. त्याच्या उलटही तितकंच खरं: ऊसतोडीच्या टोळ्यांत तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी नेलेलं मी दर हंगामात बघतो. कितीही निरम्यानं धुतला तरी त्या प्लॅस्टिकमधला वास जात नाही, आणि वास जात नाही म्हणजे तेलही गेलेलं नाही. रिकामा कॅन ट्रॅक्टरवरून कुणाच्या हाती पडण्याआधी खालून कापून टाका.

लोखंडी बॅरल मात्र तसं कापू नका. जनावरांना हौद करायचा म्हणून लोक रिकामं बॅरल गॅस कटरनं कापायला नेतात. तळाशी उरलेल्या वाटीभर तेलाची उष्णतेनं वाफ होते आणि बंद बॅरल बॉम्बसारखं फुटतं. हौद हवा असेल तर सिमेंटचा घ्या.

निघालेलं तेल

आता खरा प्रश्न. या 30-40 लिटरचं करायचं काय? गावात त्याला शंभर उपयोग सांगतील. खांबाला वाळवी लागू नये म्हणून, सेंट्रिंगच्या प्लेटांना, म्हशीच्या खरजेला, बैलाच्या गोचिडांना, डबक्यातल्या डासांना, पाणी तापवायच्या बंबात. माझे आबा जळकं तेल बैलाच्या खांद्याला लावायचे. बैल ते चाटायचा. जनावराच्या अंगाला हे तेल लावू नका, गुरांच्या डॉक्टरकडे औषध आहे. बंबात किंवा शेकोटीत जाळलं तर गंधकाचा आणि धातूंचा धूर घरातच फिरतो. खांबाला लावलेलं पहिल्या पावसात मातीत उतरतं.

इंजिनच्या वापरलेल्या तेलाबद्दल अमेरिकेचं पर्यावरण खातं वर्षानुवर्षं एक हिशेब सांगतं: एक गॅलन तेल दहा लाख गॅलन पाणी नासवू शकतं. आपल्या मापात 1 लिटरमागे 10 लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 100 टँकर. लातूरला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

कायद्यानं वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. 1 एप्रिल 2024 पासून तर तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा होण्याची जबाबदारी टाकली आहे. आपण करायचं ते सोपं आहे. तेल थंड झालं की ज्या डब्यातून नवं आलं त्याच डब्यात भरा, झाकण घट्ट करा, वर "वापरलेलं" असं आणि तारीख लिहा. त्यात कूलंट, ब्रेक ऑईल, पेट्रोल, पाणी काहीही मिसळू नका, मिसळलं की ते पुन्हा शुद्ध करणं अवघड होतं आणि घेणारा नाही म्हणतो. तालुक्याच्या ज्या गॅरेजात किंवा डीलरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असं तेल बॅरलला साठवतात, तिथं नेऊन द्या. देताना विचारा, "हे पुढं कुठं जातं?" वीटभट्टी किंवा सेंट्रिंगवाला असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज शोधा. स्वतःचं गॅरेज असेल तर किती तेल कधी कुणाला दिलं याची वही ठेवा. शंका असल्यास छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथं विचारता येतं.

सांडलेल्यावर टाकलेला भुसा आणि तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि तेलासोबतच गॅरेजात द्या. उकिरड्यावर टाकल्या तर शेणखतातून पुन्हा रानातच येतील.

काम संपतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री दोन्ही नटांखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि चहाच्या आधी जाऊन बघा. डाग नसेल तर गाडी काढा, दहा-पंधरा किलोमीटर चालवून लेव्हल एकदा तपासा. डाग असेल तर नट पाव फेरा आवळा आणि पुठ्ठा बदलून पुन्हा एक रात्र थांबा.